चौदा तारे आणि एक छत्री

जाहिरातीत नटांची नावे खेळाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात छापलेली दिसली, की माझ्या मनात पाल चुकचुकते. मराठी नाटकाचा इतिहास शिकवता शिकवता ही खोड मला लागली असावी. वास्तविक बड्या नटांना एकत्र आणण्याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग उत्तम साधला होता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एका रंगमंचावर उभे राहिले. ज्यांनी तो प्रयोग पाहिला ते जन्मभर त्याविषयी बोलत राहिले. ज्यांनी पाहिला नाही तेही बोलत राहिले, हा मराठी माणसाचा विशेष! पण त्या रात्री खाडिलकरांची गोष्ट समजून घ्यावी म्हणून कोणी तिकीट काढले नव्हते. 'मानापमान' रंगभूमीवर येऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती, पदे लोकांच्या ओठांवर होती. माणसे जमली होती ती दोन गळ्यांचा सामना ऐकायला. गोष्ट जरा मागे पडली म्हणून कोणाचे अडत नव्हते.

गोष्ट खरी असेल, तिच्यात खरी माणसे मेली असतील, आणि ती का मेली हे सांगण्यासाठीच सारा खेळ मांडला असेल, तर मात्र अडते. 'अ ब्रिज टू फार' हा १९७७ सालचा युद्धपट मी आजवर चार वेळा पाहिला आहे. चारही वेळा तो मला आवडला, आणि चारही वेळा पाहून उठताना काहीतरी बोचत राहिले. ते काय, हे जरा सविस्तर सांगावे असे कैक दिवस मनात होते.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी हकीकत. सप्टेंबर १९४४. नॉर्मंडीला उतरलेल्या दोस्तांच्या फौजा फ्रान्स आणि बेल्जियम ओलांडून हॉलंडच्या सीमेला भिडल्या होत्या. नाताळाच्या आत युद्ध संपवायचे असा उत्साह होता. ब्रिटिशांचा फील्डमार्शल मॉन्टगोमेरी याने एक धाडसी बेत मांडला. हॉलंड म्हणजे नद्यांचा आणि कालव्यांचा मुलूख. तेव्हा विमानांतून हजारो सैनिक शत्रूच्या पाठीमागे उतरवायचे, त्यांनी ओळीने सगळे पूल धरायचे, आणि रणगाड्यांच्या दळाने एकाच रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर धावत जाऊन एकेक पूल ओलांडायचा. शेवटचा पूल ऱ्हाइन नदीवर, आर्नेम गावी. तेथल्या लोकांनी दोन दिवस कळ काढली की पुढे जर्मनी मोकळी. कागदावर पाहिले तर मण्यांत दोरा ओवण्याइतके सोपे!

रविवार, १७ सप्टेंबरला मोहीम निघाली आणि दोरा तुटला. आर्नेमला सैनिक उतरले ते पुलापासून दहा किलोमीटरांहून दूर. बिनतारी यंत्रे मुकी झाली. जवळच जर्मनांच्या दोन चिलखती डिव्हिजन विश्रांतीला येऊन बसल्या होत्या. रस्ता एकच असल्याने एक गाडी पेटली की मागची सारी वरात थांबे. लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट सुमारे सातशे चाळीस माणसांनिशी पुलाच्या उत्तर टोकापर्यंत पोचला आणि दोन दिवसांऐवजी तीन दिवस आणि चार रात्री तेथे टिकला. रणगाडे आलेच नाहीत. शेवटी २५ तारखेच्या रात्री पावसात उरलेसुरले लोक नदी ओलांडून परत आले. आर्नेमला गेलेल्या सुमारे दहा हजारांपैकी परतले ते अडीच हजारांच्या आत. बाकीचे मेले किंवा कैद झाले.

आपल्याला पानिपत ठाऊक आहे, त्यामुळे पराभवाची गोष्ट ऐकायला आपले कान तयार असतात. कॉर्नेलियस रायनच्या १९७४ सालच्या पुस्तकावरून विल्यम गोल्डमनने पटकथा लिहिली, जोसेफ लेव्हिनने पैसा ओतला आणि रिचर्ड ॲटनबरोने दिग्दर्शन केले. हॉलीवूडने जवळजवळ तीन तासांचा, अफाट खर्चाचा चित्रपट काढावा आणि तो सपशेल हरलेल्या लढाईवर काढावा, ह्या हिमतीला आधी मुजरा केला पाहिजे. आकाश छत्र्यांनी भरून जाते तो प्रसंग तर मी केव्हाही पुन्हा पाहीन. खरी विमाने, खरी माणसे, खऱ्या छत्र्या. आजच्या संगणकी करामतींत तसले आकाश दिसत नाही.

पण छत्र्या जमिनीला टेकतात आणि नट उभे राहतात. श्रेयनामावलीत चौदा बडी नावे आहेत, कोणाचा मानापमान नको म्हणून असेल, इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेली. डर्क बोगार्ड, जेम्स कान, मायकेल केन, शॉन कॉनरी अशी सुरुवात होते आणि लिव्ह उलमनपाशी संपते. मधे लॉरेन्स ऑलिव्हिए, अँथनी हॉपकिन्स, जीन हॅकमन, रॉबर्ट रेडफर्ड. हा हजेरीपट हातात घेऊन आपण बसतो, आणि मग हजेरी घेण्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. दार उघडले, 'हा कॉनरी!' जीपमधून कोणी उतरले, 'हा केन!' तो सेनापती कोण, कोणत्या तुकडीचा, त्याला कोठे जायचे आहे, हे पडद्यावरची माणसे जीव तोडून सांगत असतात तेव्हा आपण शेजारच्याला त्या नटाचा दुसरा चित्रपट सांगत असतो.

रेडफर्डचेच घ्या. चित्रपट निम्म्याहून अधिक उलटल्यावर तो येतो. काही आठवड्यांच्या कामाचे त्याने वीस लाख डॉलर घेतले, अशी त्या वेळी बोलवा होती. नायमेखेनला वाल नदी भर दिवसा कापडी होड्यांतून ओलांडण्याचा हुकूम झाला होता. वल्ही पुरेशी नव्हती, म्हणून सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यांनी पाणी मारले. हे सारे खरे आहे, आणि त्या तुकडीचा मेजर ज्युलियन कुक तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. पडद्यावर मात्र चाळिशीतला रेडफर्ड आहे, आणि त्याला काही होणार नाही याची आपल्याला इतकी खात्री असते की आजूबाजूला माणसे पाण्यात कोसळत असतानाही छाती धडधडत नाही. नटाच्या नावाला गोळी लागत नाही ना!

एके ठिकाणी मात्र टीकाकारांनी चित्रपटावर अन्याय केला आहे. जनरल गॅव्हिनच्या भूमिकेत रायन ओ'नील कोवळा दिसतो म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. पण गॅव्हिन खरोखरच तेव्हा सदतीस वर्षांचा होता. जनरल म्हटला की पिकल्या मिशा हव्यात, हा आपला हट्ट. एडवर्ड फॉक्सने केलेला जनरल हॉरॉक्स हाही असाच चांगला उतरला आहे. त्याचे भाषण ऐकताना नट आठवत नाही, हॉरॉक्सच आठवतो.

स्वतः फ्रॉस्ट चित्रीकरणाला सल्लागार म्हणून हजर असे. गोल्डमनने त्याची एक मजेदार हकीकत सांगितली आहे. फ्रॉस्टची भूमिका हॉपकिन्सकडे होती, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तो गोळ्यांच्या वर्षावात धावत सुटे. फ्रॉस्टने त्याला बाजूला घेऊन सांगितले की ब्रिटिश अधिकारी असा पळत नाही, शत्रूची पर्वा नाही हे दाखवण्यासाठी तो चालतच जातो. हॉपकिन्सने पुष्कळ प्रयत्न केला, पण खोट्या गोळ्यांचा आवाज सुरू झाला की त्याचे पाय ऐकत ना. मला हॉपकिन्सच्या अभिनयापेक्षा ह्या हकीकतीतून फ्रॉस्ट अधिक कळला. आज आर्नेमच्या त्या पुलाला फ्रॉस्टचेच नाव आहे. चित्रीकरण मात्र तेथे झाले नाही, ते डेव्हेंटर गावच्या पुलावर झाले.

चित्रपट पाहून घरी आल्यावर लक्षात राहतो तो ह्या चौदांपैकी कोणीच नाही. लक्षात राहतो एक छत्रीवाला. फ्रॉस्टच्या हाताखालचा हा मेजर लढाईत छत्री घेऊन हिंडतो. आपल्या मराठीत पॅराशूटलाही छत्रीच म्हणतात. तेव्हा एका छत्रीतून उतरून दुसरी काखोटीला मारणारा हा गृहस्थ आपल्याला तर फारच जवळचा वाटतो. परवलीचा शब्द आठवत नाही, म्हणून तो छत्री बाळगतो. इंग्रजावाचून असला वेडेपणा दुसरा कोण करणार, तेव्हा आपले लोक ओळखतीलच! ही भूमिका क्रिस्टोफर गुड नावाच्या नटाने केली आहे. जाहिरातीत त्याचे नाव नव्हते, चेहरा आपल्या ओळखीचा नव्हता. म्हणूनच तो आपल्याला मेजर वाटतो. मग तो घायाळ होऊन मरतो, आणि तीन तासांत पहिल्यांदा आपल्या घशात काहीतरी दाटते.

आर्नेमला पाच व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले चार मरणोत्तर. जॉन बास्कीफील्ड हा एकवीस वर्षांचा पोरगा रणगाडाविरोधी तोफेवरची सारी माणसे पडल्यावर एकटा तोफ चालवीत राहिला. त्याचा देहही ओळखता आला नाही. ह्या पाचांपैकी एकाचेही नाव मला चित्रपटात कोठे ऐकू आले नाही. त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत असेच एकटे पुढे गेले आणि पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्या युद्धावरच्या ताऱ्यांनी भरलेल्या एवढ्या चित्रपटांत इटलीतल्या मराठ्यांना कोठे जागा मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण हे जाता जाता.

खरी बोच वेगळीच आहे, आणि ती मला माझ्या मामांनी दाखवली.

मामा सातारा जिल्ह्यातले. सिग्नल्समध्ये होते. १९६२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते नेफात होते. तिथून भूतानच्या बाजूने चालत परत आले, एवढेच आम्हा मुलांना आईकडून कळलेले. ते स्वतः त्याविषयी अवाक्षर काढीत नसत. पुढे टेलिफोन खात्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. १९९१ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मावसभावाने भाड्याने व्हीसीआर आणला आणि लढाईचा म्हणून हा चित्रपट लावला. मी अकरा वर्षांचा होतो. भाऊ नटांची नावे सांगत होता, आम्ही मुले रणगाडे मोजत होतो. मामा खुर्चीत मागे टेकून बसले होते. बिनतारी यंत्रे बोलेनाशी होतात तिथे ते पुढे सरकले. एक सैनिक पुन्हा पुन्हा हाक घालतो आणि पलीकडून नुसती खरखर येते. मामांच्या बोटांनी खुर्चीच्या दांडीवर ठेका धरला होता. तो ठेका नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

शेवटी मागे राहिलेले जखमी सैनिक कैद होण्याची वाट पाहत 'अबाइड विथ मी' गातात. ही धून मामांनी लष्करी बँडवर ऐकलेली होती. गांधीजींच्या आवडीची म्हणून दिल्लीला बीटिंग रिट्रीटला ती २०२१ पर्यंत वाजत असे. मामा ताठ बसले. चित्रपट संपला, भावाने दिवा लावला, आणि मामा म्हणाले, "अरे, पण ज्यानं पाठवलं, तो कुठाय यात?"

भाऊ म्हणाला, "मामा, तो फार मोठा साहेब होता. फोनवर सांगतो की शेवटी."

"तेच म्हणतोय मी. फोनच्या त्या टोकाला कोण बसलंय, ते दाखवायला नको?"

मामांनी नेमके बोट ठेवले होते. मॉन्टगोमेरी ह्या चित्रपटात पात्र म्हणून नाहीच! सुरुवातीच्या जुन्या बातमीपटात त्याचा उल्लेख होतो, अधूनमधून नाव येते, आणि सगळे संपल्यावर त्याचा निरोप कळतो की मोहीम नव्वद टक्के यशस्वी झाली. आयसेनहॉवरने बेताला मान्यता दिली, तोही नाही. चौदा नटांना जागा आहे, पण ज्याच्या डोक्यातून बेत निघाला त्याला एक खुर्ची नाही. मग दोषाचे सारे ओझे कोणावर पडते? डर्क बोगार्डने केलेल्या जनरल ब्राउनिंगवर. तो थंडपणे छायाचित्रे बाजूला सारतो, धोक्याची सूचना देणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला आजारी ठरवून रजेवर पाठवतो, आणि अखेरीस पूल जरा दूरचाच होता असे सांगून मोकळा होतो. ब्राउनिंग निर्दोष नव्हता. पण तो १९६५ सालीच वारला होता, आणि उत्तर द्यायला उरली होती त्याची विधवा. ती म्हणजे 'रेबेका' लिहिणारी डॅफ्नी द्यु मॉरिए. तिला हे चित्रण फार लागले, आणि मला तिचे लागणे समजते.

पोलिश सेनापती सोसाबोव्स्कीचे तसेच. बेतातली भोके तो आधीपासून दाखवत असतो. जीन हॅकमनने त्याचे उच्चार फारच घोटून केले आहेत, ते सोडून देऊ. पण लढाईनंतर अपयशाचे खापर ह्याच माणसावर फोडण्यात आले, डिसेंबर १९४४ मध्ये त्याला त्याच्याच ब्रिगेडवरून दूर केले, आणि पुढे लंडनमध्ये त्याने कारखान्यात मजुरी केली, हे चित्रपट सांगत नाही. डच सरकारने त्याचा गौरव केला तो २००६ साली, त्याच्या मृत्यूनंतर एकोणचाळीस वर्षांनी. पराभवाची गोष्ट लढाई संपली की संपत नाही. बखरकारांना हे ठाऊक होते. पानिपतानंतर पुण्याला काय वाटले, नानासाहेबांचे काय झाले, हे लिहिल्याखेरीज त्यांची लेखणी खाली ठेवली जात नसे.

डच लोकांचे काय झाले, हे तर फारच त्रोटक आले आहे. लिव्ह उलमनने केलेली केट टेर हॉर्स्ट आपले घर जखमींना देते आणि शेवटी मुलांना घेऊन, सामान गाड्यावर घालून चालू लागते. दृश्य सुंदर आहे, पण ती कोठे चालली आहे? जर्मनांनी आर्नेम रिकामे करविले, सुमारे लाखभर माणसे बेघर झाली. मोहिमेला मदत म्हणून लंडनमधल्या डच सरकारने त्याच १७ सप्टेंबरला रेल्वे कामगारांना संप करायला सांगितले होते. जर्मनांनी त्याचा सूड अन्नाची वाहतूक रोखून घेतला. त्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, आणि सुमारे वीस हजार माणसे भुकेने मेली. आर्नेमच्या शेजारी वेल्प गावात पंधरा वर्षांची एक मुलगी तेव्हा अर्धपोटी राहून दिवस काढत होती. तिचे नाव ऑड्री हेपबर्न. चौदा तारे गोळा केले, आणि जी त्या तोफांचा आवाज ऐकत लहानाची मोठी झाली होती ती तारका त्यांत नाही, हा योगायोग मला नेहमी चमत्कारिक वाटतो.

ॲटनबरो हा काही सामान्य माणूस नव्हे. १९६२ पासून तो गांधीजींवरच्या चित्रपटाचा ध्यास घेऊन बसला होता. तो १९८२ साली पूर्ण झाला तेव्हाही त्यात बड्या नावांची गर्दी होतीच. पण मधोमध बेन किंग्जली हा जगाला फारसा ठाऊक नसलेला नट होता. शेजारी रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा होत्या, आपले डॉ. लागू गोखले झाले होते, आणि कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी कपडे केले होते. गिलगुडसारखे मोठे नट दारातून येऊन जातात, गोष्ट हलत नाही. पाच वर्षांत त्याने हे कोठून शिकून घेतले असेल? मला वाटते, ह्या पुलावरूनच.

मामा जाऊन आता नऊ वर्षे झाली. १९६२ च्या पराभवाची चौकशी करून लिहिलेला अहवाल १९६३ साली तयार झाला; सरकारने तो अधिकृतपणे अजून प्रसिद्ध केलेला नाही. मामा त्याची वाट पाहत होते असे मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रात त्याविषयी काही आले की ते पान ते जरा जास्त वेळ हातात धरीत, एवढे मात्र मी पाहिले आहे.

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला 'भाऊसाहेबांची बखर' शिकवताना मला हा चित्रपट आठवला, आणि शेवटचा तासभर मी मुलांना तो दाखवला. दिवे लागले तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने रेडफर्डविषयी विचारले नाही. तिने विचारले, "सर, तो छत्रीवाला खराच होता का?"

होता, म्हटले. त्याचे नाव डिग्बी टॅथम-वॉर्टर. बिनतारी यंत्रांवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता, म्हणून त्याने आपल्या कंपनीला आधीच बिगुलाच्या जुन्या खुणा शिकवून ठेवल्या होत्या. चित्रपटात ते बिगूल मला कोठे दिसले नाहीत. आणि तो आर्नेमला मेलाही नाही. जखमी होऊन पकडला गेला, इस्पितळाच्या खिडकीतून पळाला, मुक्याबहिऱ्या डच माणसाचे सोंग घेऊन सायकलवर हिंडला. एकदा तर जर्मनांची खड्ड्यात गेलेली मोटार त्याने ढकलून दिली. लपून राहिलेले सैनिक गोळा करून ऑक्टोबरात सुमारे १३८ जणांना घेऊन तो रातोरात ऱ्हाइन ओलांडून परत आला. पुढे केनियात राहिला आणि १९९३ साली वारला.

"मग चित्रपटात त्याला मारलं कशाला?"

"जगवला असता तर हे सगळं दाखवावं लागलं असतं," मी म्हणालो. "आणि वेळ कुठे होता? रेडफर्डला नदी ओलांडायची होती ना!"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिने वही पुढे ओढली आणि मला ते नाव फळ्यावर लिहून दाखवायला सांगितले.